औषधाची नोंद आणि उत्तरदायित्व : मुलकोवाल ते जे. जे. रुग्णालय

१

भोर तालुक्यातील वरवे बुद्रुक यासारख्या गावातील रुग्णाच्या हाती जेव्हा औषधाची बाटली येते, तेव्हा ती पारखण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते. धान्य निवडून घेता येते, दूध चाखून पाहता येते; परंतु पातळ औषधातील द्रव्य शुद्ध आहे की विषारी, हे डोळ्यांना दिसत नाही व जिभेलाही कळत नाही. गावातील रुग्णच नव्हे, तर त्याला ते औषध देणारा डॉक्टर आणि विकणारा दुकानदार हेही या बाबतीत तितकेच असहाय असतात. त्या सर्वांचा विश्वास बाटलीवरील चिठ्ठीवर, म्हणजे वस्तुतः काही लिखित शब्दांवर व अंकांवर असतो. औषधनियमनाचा इतिहास हा सामान्यतः कायद्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि तो त्या चिठ्ठीमागे उभ्या असलेल्या नोंदींचाही इतिहास आहे. या नोंदी जेथे शाबूत राहिल्या तेथे सत्य उशिरा का होईना बाहेर आले. जेथे त्या तुटल्या तेथे कायदा असूनही माणसे दगावली. मुंबईशी संबंधित दोन दुर्घटनांच्या आधारे हे विधान तपासून पाहता येते.

२

इ. स. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा जागेत प्लेगप्रतिबंधक लस तयार करण्यास प्रारंभ केला आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. १८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तिलाच १९२५ साली हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. प्लेगच्या काळातील सक्तीच्या उपायांमुळे पुण्यात किती क्षोभ उसळला होता हे सर्वश्रुत आहे. अशा वातावरणात लस ही सक्तीची नसून विश्वासाची बाब होती, आणि म्हणूनच तिच्या एका बाटलीतील दोषही सर्व कार्य उद्ध्वस्त करण्यास पुरेसा होता.

तसेच घडले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल (हे गाव आज पाकिस्तानात आहे) येथे १०७ लोकांना परळहून आलेली लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. त्या दिवशी वापरलेल्या पाच बाटल्यांपैकी एकाच बाटलीतून या १९ जणांना लस दिली गेली होती. उरलेल्या चार बाटल्यांतील लसीने कोणासही अपाय झाला नाही. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी-आयोग नेमण्यात आला. हाफकिन यांनी लस निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत बदल केला होता. पूर्वी वापरले जाणारे कार्बोलिक आम्ल वगळून ते केवळ उष्णतेवर विसंबले होते. आयोगाने दोषाचे मूळ प्रयोगशाळेत पाहिले. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले.

परंतु कागद शिल्लक होते. मुलकोवाल येथे ती बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही गोष्ट साक्षीत नमूद झालेली होती. कोणती बाटली केव्हा भरली, कोणाला कोणत्या बाटलीतून लस दिली, हेही नोंदलेले होते. या नोंदींच्या आधारेच रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी प्रकरण पुन्हा उघडले. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये दहा शास्त्रज्ञांचे निवेदन प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त ठरले. पुढे ते हिंदुस्थानात परतले, परंतु मुंबईस नव्हे, तर कलकत्त्यास. पाच वर्षांचा हा विलंब खेदजनक होय. तथापि बाटलीवर क्रमांक नसता आणि साक्षीचे कागद जपले गेले नसते, तर दोषमुक्तीचा मार्गच उरला नसता, हेही तितकेच खरे.

३

मुलकोवालच्या वेळी औषधांसंबंधी सर्वव्यापी कायदा हिंदुस्थानात नव्हता. बाजारात बनावट व निकस औषधांचा सुळसुळाट झाल्यावर १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९३१ साली आला, तरी कायदा होण्यास १९४० साल उजाडले. नियम १९४५ साली झाले, आणि निर्मिती व विक्री यांवरील प्रत्यक्ष नियंत्रण एप्रिल १९४७ पासून सुरू झाले. कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. त्यामुळे भोरसारख्या संस्थानी मुलुखात तो आपोआप लागू होत नव्हता. भोर संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाल्यावर हा भेद मिटला. १९५४ साली पुण्यालगत पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. आयात औषधांवर अवलंबून असलेला देश औषधे निर्माण करू लागला. त्याबरोबर नियमनाचे ओझेही बंदरांवरून कारखान्यांवर आले. आयात आणि नव्या औषधांस मान्यता हे विषय केंद्राकडे, तर निर्मिती व विक्री यांचे परवाने मुख्यतः राज्यांकडे, अशी विभागणी या कायद्यात आहे.

या कायद्याची भाषाही लक्षात घेण्याजोगी आहे. १९८२ च्या दुरुस्तीनंतर त्यात खोट्या चिठ्ठीचे, भेसळीचे आणि बनावट असे तीन प्रकार स्वतंत्रपणे सांगितले आहेत. शिवाय ‘प्रमाणित दर्जाचे नसलेले’ हा चौथा वर्ग आहेच. लोकव्यवहारात मात्र या चारही गोष्टींना सरसकट ‘बनावट औषध’ म्हटले जाते. हा केवळ शब्दाचा प्रश्न नव्हे. ‘बनावट’ या शब्दाबरोबर एक लबाड मनुष्य डोळ्यांपुढे येतो आणि शोध त्या मनुष्याचा सुरू होतो. ‘अप्रमाणित’ हा शब्द मात्र प्रक्रियेकडे बोट दाखवितो. दोष कोणत्या टप्प्यावर शिरला, असा प्रश्न तो उपस्थित करतो. पहिला प्रश्न न्यायालयाला आवश्यक आहे; पुढचा मृत्यू टाळावयाचा असेल, तर दुसऱ्यावाचून गत्यंतर नाही.

४

ज्या आवारात हाफकिन यांनी लस तयार केली, त्याच आवारातील जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत १४ रुग्ण दगावले. मेंदूतील व डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठी त्यांना ग्लिसरॉल देण्यात आले होते. या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकोल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. हे द्रव्य दिसावयास ग्लिसरिनसारखे, चवीला गोड आणि किमतीने स्वस्त असते. उद्योगधंद्यांत त्याचा सर्रास उपयोग होतो. शरीरात मात्र त्याचे विघटन होऊन मूत्रपिंडे निकामी होतात. अमेरिकेत १९३७ साली याच द्रव्यात विरघळविलेल्या सल्फानिलामाइड औषधाने शंभराहून अधिक बळी घेतले होते आणि त्यातून तेथील १९३८ चा कायदा जन्मास आला होता. हे ज्ञान मुंबईत १९८६ साली अपरिचित नव्हते.

न्यायमूर्ती बी. लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. आयोगाने औषधखरेदी, रुग्णालयाचे प्रशासन आणि राज्याचे अन्न व औषध प्रशासन या तिन्हींवर कठोर ताशेरे ओढले. डॉ. सुनील पंड्या यांनी १९८८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या घटनेचे विवेचन केले. येथे कायदा होता, परवाना होता, खरेदीची कार्यपद्धतीही होती. नव्हती ती एकच गोष्ट : द्रव्य कारखान्यातून निघाल्यापासून रुग्णाच्या खाटेपर्यंत प्रत्येक हाताने तपासून केलेली अखंड नोंद. मुलकोवालला दोष एका बाटलीपुरता मर्यादित असल्याचे नोंदीवरून सिद्ध करता आले. येथे प्रत्येक टप्प्यावर मागील टप्प्याने तपासले असेल, असे गृहीत धरले गेले, आणि गृहीत धरण्याची ही साखळी रुग्णापाशी येऊन संपली.

५

त्यानंतर शिक्षा कठोर झाल्या. २००८ च्या दुरुस्तीने भेसळयुक्त वा बनावट औषधामुळे मृत्यू घडल्यास किमान दहा वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा ठेवली. तरीही तेच द्रव्य परत आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गांबियातील बालमृत्यूंच्या संदर्भात हरियाणातील एका कंपनीच्या चार सिरपांविषयी इशारा दिला. १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या सिरपांची सरकारी प्रयोगशाळेत पूर्वतपासणी सक्तीची झाली. देशात विकल्या जाणाऱ्या सिरपांना मात्र ती सक्ती नव्हती. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे तामिळनाडूत तयार झालेल्या सिरपाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्यांतील अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार झाले. तामिळनाडूच्या तपासणीत त्या सिरपात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकोल आढळले. ग्राह्य मर्यादा ०.१ टक्का आहे.

ज्या सुधारणा या काळात झाल्या, त्यांतील अधिक आश्वासक सुधारणा नोंदीशी निगडित आहेत, ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ऑगस्ट २०२३ पासून तीनशे प्रचलित औषधांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले. डिसेंबर २०२३ च्या सुधारित ‘अनुसूची एम’ने कारखान्यांतील दर्जाव्यवस्था व जोखीम-व्यवस्थापन यांवर भर दिला, लहान व मध्यम उद्योगांना तिच्या पूर्ततेसाठी पुढे मुदतवाढही देण्यात आली. परंतु बाटलीवरील संकेत हा स्वतः तपासणी नव्हे. त्यामागील कच्च्या मालाची परीक्षा प्रत्यक्ष झाली नसेल, तर तो संकेत म्हणजे सुबक अक्षरांत लिहिलेले असत्यच होय.

सारांश, मुलकोवालची बाटली आणि जे. जे. रुग्णालयातील बाटली यांत चौऱ्याऐंशी वर्षांचे अंतर आहे. त्या अवधीत कायदा झाला, खाते झाले, दंड वाढले. परंतु वरवे बुद्रुकच्या रुग्णाला आजही चिठ्ठीवरच विसंबावे लागते. त्या चिठ्ठीतील प्रत्येक अंकामागे कोणी तरी खरोखर तपासून केलेली नोंद असेल, तरच त्याच्या विश्वासाला अर्थ आहे. दोषी शोधण्यासाठी नोंद लागते. निर्दोष सोडविण्यासाठीही लागते. आणि पुढच्या रुग्णाच्या हाती विष जाऊ नये यासाठी तर तिची गरज सर्वाधिक आहे. कायद्याची शिक्षा मृत्यूनंतर येते, नोंदीची दक्षता त्याआधी येऊ शकते.