शब्दवेध : फड

तमाशाचा फड, कुस्तीचा फड, वारकऱ्यांचा फड. तिन्हींत माणसे एका कामासाठी जमतात. पेशव्यांची कचेरीही हुजूर फडच. तिथला ‘फडणीस’ फारसी ‘फर्दनवीसा’वरून आला, असे अनेक अभ्यासक मानतात, फर्द म्हणजे हिशेबाची याद.

धुळे जिल्ह्यात पांझराकाठी मात्र फड म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावरचा शेतांचा पट्टा. ही फडपद्धती काही शतके जुनी. एका फडात एका हंगामाला एकच पीक. कुठे ऊस, कुठे भुसार, हे शेतकऱ्यांनी बसून ठरवायचे. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांचा मोबदला शेतकरीच देत. पाणी कमी दिसले तर उसाचे क्षेत्र आखडायचे, तेही बैठकीतच. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की मोठ्या बागायतदारालाही आपल्या तुकड्यात मनाचे पीक घेता येत नसे. विश्वास अशा उघड नियमातून येत होता.

पुढे नदीच्या वरच्या भागात धरणे झाली, विहिरी वाढल्या, बरेच फड मोडले. आता राज्याच्या २००५च्या सिंचन कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना अधिकार दिले आहेत. फडासारखेच त्यांच्या सभेतही पाळीपत्रक, म्हणजे कोणाला पाणी कधी याची यादी, आणि जमाखर्च सगळ्यांसमोर वाचला गेला पाहिजे, आणि प्रश्न विचारणाऱ्याला विरोधक ठरवले जाता कामा नये.