धावदोरा : टाक्याटाक्याने घडलेला इतिहास

आपल्या देशाच्या हवेत जुने कापड फार काळ टिकत नाही. दमटपणा, कसर आणि रोजची धुलाई यांतून जे उरते, तेही घरातली बाई दुसऱ्या कामी लावते. त्यामुळे राजवंशांचा इतिहास शिलालेख आणि ताम्रपट यांवरून मांडता येतो, तसा सुईदोऱ्याचा मांडता येत नाही. तरीही शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात या इतिहासाकडे वळणे उचित ठरेल. भारतातील स्त्रीशिक्षणाची वाट काही अंतर तरी या सुईच्या नेढ्यातूनच गेलेली आहे.

आपल्याकडची गोधडी पाहावी. कुठे ती वाकळ, तान्ह्या बाळासाठी असेल तर दुपटे. विरलेली लुगडी आणि धोतरे थरावर थर अंथरायची, कडा दुमडायच्या, आधी लांब टाके घालून थर पक्के करायचे आणि मग बारीक धावदोरा घालत जायचे. या कामाला ना माग लागतो, ना मोठी जागा. पाणी, दळण, स्वयंपाक आणि शेत यांतून दुपारी जो थोडा वेळ हाती येई, त्यात चार ओळी होत. हाक आली की सुई टोचून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे निघायचे. स्त्रियांच्या तुकड्यातुकड्यांच्या वेळेला धावदोऱ्याइतका सोयीचा टाका दुसरा नसावा. देशभरच्या गोधड्यांत तोच आढळतो, तो बहुधा यामुळेच.

बंगालची कांथा याच जातीची. जुन्या साड्यांचे थर, आणि रंगीत दोरा पुष्कळदा त्याच साड्यांच्या किनारींतून काढलेला. कोलकात्याजवळ जोका येथील गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी नावाच्या स्त्रीने वडिलांसाठी शिवलेली कांथा आहे. अर्पणाचा मजकूर तिने टाक्यांतच लिहिला आहे. कर्त्रीचे नाव असे आपल्यापर्यंत पोहोचणे ही विरळा गोष्ट होय. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया जी कवंदी शिवतात, तिचे काम कडेपासून सुरू होऊन फेरीफेरीने मध्याकडे सरकते. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची ‘फुले’ बसवल्यावाचून ती पूर्ण मानली जात नाही. आफ्रिकेतून आणल्या गेलेल्या लोकांचा हा समाज. त्यांच्या कोंकणीप्रधान बोलीत मराठी शब्दही मिसळलेले आहेत. पंजाबात फुलकारी जाड्याभरड्या खादीवर, धागे मोजत, कापडाच्या उलट बाजूने भरली जाते. ‘चोप’ हा तिचा प्रकार आजी नातीच्या लग्नासाठी भरीत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घरातली ही विद्या संस्थांत आली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळात निराधार झालेल्या मुली आल्या, तेव्हा अक्षरओळखीबरोबर शिवण, विणकाम आणि छपाईही शिकवली गेली. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि तिथे शिवणाच्या वर्गांना महत्त्वाचे स्थान मिळाले.

या वर्गांचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. मुलींना गणित आणि इंग्रजी कशाला, शिवणटिपण आले म्हणजे पुरे, असे म्हणणारेही त्या काळी पुष्कळ होते. सुईचे नाव पुढे करून पुस्तक नाकारणे सोपे होते. परंतु ज्या विधवेला सासरी वा माहेरी हक्काचा घास नव्हता, तिच्या हाती त्याच सुईने स्वतःची मिळकत दिली. ज्या संस्थांनी सुई आणि पुस्तक दोन्ही एकाच मुलीच्या हाती दिले, त्यांचे मोठेपण यात आहे.

लोकरीचे विणकाम आपल्याकडे युरोपीयांबरोबर आले; मिशनरी शाळांनी ते रुजवले. पाहता पाहता दोन सुया आणि सुलट-उलट टाके मध्यमवर्गीय घरांत परिचित झाले. १९६२ च्या चीन युद्धाच्या हिवाळ्यात देशभरच्या स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या आई-आजींचा त्यात हात असेल.

हे काम केवळ मुलींचे नव्हे, हा विचारही शिक्षणात हळूहळू आला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसाय हेच शिक्षणाचे केंद्र मानणारी नई तालीम मांडली. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचवला. आपल्या शाळेचा जन्मही त्याच सुमाराचा. पुढे गुणांची चढाओढ वाढली आणि वेळापत्रकातून सर्वांत आधी हाताचे तास आक्रसले. शिवणाची तासिका अनेक शाळांत कागदावरच उरली.

यात केवळ एक कला गेली असे नाही. मुलांना आज उत्तर क्षणात मिळते. महिनाभर रोज बोटभर पुढे सरकणारे काम मात्र त्यांच्या वाट्याला क्वचितच येते. चुकलेला टाका उसवून पुन्हा घालणे, मोठ्या कामाचा आजचा वाटा आजच पुरा करणे, ही शिस्त व्याख्यानाने अंगी बाणत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्यांचा उपयोग आपण मुलामुलींना एकत्र बसवून यासाठी करू शकतो.

माजी विद्यार्थिनी आणि पालक यांना म्हणूनच एक विनंती. घरी जुनी गोधडी असेल तर ती कोणी, कोणत्या कपड्यांतून आणि किती दिवसांत शिवली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. शक्य झाल्यास त्यांनाच एखादा दिवस शाळेत आणावे. शिकवणारे हात अजून आपल्यात आहेत, तोवर सहावीच्या वर्गाला पहिला धावदोरा घालता यावा.