पुरवठादाराचा कंपनी-अवसायन अर्ज

माल पोहोचला, बिल गेले, मुदत उलटली, तरी पैसे आले नाहीत, म्हणून पुरवठादाराने देणेकरी कंपनीच गुंडाळावी यासाठी न्यायालयात केलेला अर्ज. वसुलीच्या दाव्यात पैसे मागितले जातात. या अर्जात मात्र कंपनीत देणी फेडण्याची ऐपत उरलेली नाही, असे म्हटले जाते आणि एका बिलावरून सगळ्या कंपनीचे भवितव्य पणाला लागते.

पूर्वपीठिका : इंग्लंडच्या १८६२ च्या कंपनी कायद्यात ५० पौंडांहून अधिक देणे मागणी करूनही तीन आठवड्यांत न फेडणारी कंपनी ऐपत नसलेली मानली जाई. भारतात १९१३ च्या आणि पुढे १९५६ च्या कायद्याने हीच रीत ठेवली. रक्कम ५०० रुपयांहून अधिक असली म्हणजे पुरे. १९५६ च्या कायद्याची कलमे ४३३ (ई) आणि ४३४ व्यापारी वकिलांच्या तोंडी असत. नोटीस कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावरच बजवावी लागे. कारखान्यावर किंवा शाखेवर दिलेली चालत नसे.

खरा वचक पुढच्या टप्प्याचा होता. अर्ज दाखल करून घेतला की त्याची जाहिरात राजपत्रात, एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात देण्याचा नियम होता. ती छापून आली की बँका हात आखडता घेत आणि इतर पुरवठादार रोख पैशांशिवाय माल उतरवत नसत. त्यामुळे पुष्कळ थकबाक्या जाहिरातीआधीच चुकत्या होत.

वादग्रस्त देणे : या विषयाचा गाभा येथे आहे. मुंबईहून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या ‘मधुसूदन गोरधनदास विरुद्ध मधु वूलन इंडस्ट्रीज’ (१९७१) या प्रकरणात कसोटी ठरली : देण्याबद्दल प्रामाणिक वाद असेल आणि बचावात दम असेल, तर कंपनी गुंडाळता येत नाही. देणे मान्य असून केवळ आकड्याबद्दल मतभेद असेल, तर मात्र तेवढ्याने अर्ज अडत नाही. कसोटी न्याय्य आहे. तिच्याअभावी कोणत्याही भांडणात कंपनीच्या मानेवर सुरी ठेवता आली असती.

स्पाइसजेट प्रकरण : या कसोटीचे ठळक उदाहरण. स्वित्झर्लंडच्या एसआर टेक्निक्स कंपनीशी स्पाइसजेटने २४ नोव्हेंबर २०११ रोजी इंजिनांच्या देखभालीचा दहा वर्षांचा करार केला. बिलांचे पैसे वसूल करण्याचा हक्क एसआर टेक्निक्सने २०१२ मध्ये क्रेडिट स्वीस बँकेकडे सोपवला. सुमारे २.४ कोटी डॉलर थकल्याचे सांगत बँक २०१५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गेली. देखभाल करणाऱ्या कंपनीकडे त्या काळात भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता नव्हती, म्हणून करारच बेकायदा, असा स्पाइसजेटचा बचाव होता. पण सेवा घेतलेली होती आणि देणे कबूल करणारे कागदही दिलेले होते. न्यायालयाने बचाव फेटाळून ६ डिसेंबर २०२१ रोजी अवसायनाचा आदेश दिला. ५० लाख डॉलर भरण्याच्या अटीवर तो काही काळ स्थगित ठेवला. ११ जानेवारी २०२२ रोजी खंडपीठाने आदेश कायम केला, २८ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि त्याच वर्षी उभयतांत तडजोड झाली. उडती विमाने जमिनीवर न आणता पैसे मिळण्याची वाट निघाली, हे या अर्जाचे सर्वांत चांगले फलित.

किंगफिशर एअरलाइन्सच्या वाट्याला ते आले नाही. सुट्या भागांच्या सेवा देणाऱ्या एअरोट्रॉन या ब्रिटिश कंपनीच्या अर्जावर कर्नाटक उच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०१६ रोजी तिच्या अवसायनाचा आदेश दिला, तेव्हा तिची विमाने चार वर्षे बंदच होती.

२०१६ नंतर : नादारी व दिवाळखोरी संहितेने या कारणासाठीचा जुना मार्ग नव्या अर्जांना बंद केला. आता पुरवठादार दहा दिवसांची मागणी-नोटीस देऊन राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जातो. आधी कंपनी सावरण्याचा प्रयत्न होतो. तो फसला तरच अवसायन.

वादाचा प्रश्न येथेही सुटलेला नाही. ‘नच बलिये’ कार्यक्रमाच्या दूरध्वनी-मतदानासाठी किरुसा या कंपनीने मोबिलॉक्स या कंपनीला सेवा दिली होती. किरुसाने या कामाची माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर टाकून गोपनीयतेचा करार मोडला, असे म्हणत मोबिलॉक्सने पैसे रोखले. २१ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, वाद नोटिशीआधीचा आणि वरकरणी तग धरणारा असला, तर अर्ज फेटाळलाच पाहिजे. तो शेवटी टिकेल की नाही हे न्यायाधिकरणाने तपासायचे नाही. त्यामुळे मालाबद्दलच्या तक्रारीचा जुना ई-मेल खरेदीदाराला वाचवू शकतो.

मर्यादा : २४ मार्च २०२० रोजी किमान थकबाकी १ लाखावरून थेट १ कोटी करण्यात आली. टाळेबंदीच्या तोंडावर घेतलेला हा निर्णय नंतर मागे घ्यायला हवा होता. ४० लाखांच्या सुट्या भागांचे पैसे अडकलेल्या लघुउद्योजकाला हे दार बंद झाले.

प्राधान्यक्रम : अवसायनात पुरवठादाराचे नाव तारणधारक बँका, कामगार, विनातारण वित्तीय धनको आणि सरकारी देणी यांच्यानंतर येते.

पर्याय : २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. असे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेच्या निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम न्यायालयात भरावी लागते.