मृग, सिहोर आणि शहागड

विज्ञानशिक्षणाच्या चर्चेत विद्यार्थ्याच्या पूर्वकल्पनांचा उल्लेख बहुधा अडगळ म्हणून होतो. ही अडगळ आधी काढावी, मग रिकाम्या जागी विज्ञान मांडावे, असा समज रूढ आहे. विद्यार्थ्याला आधीपासून काय ठाऊक आहे, यावर त्याचे पुढील शिकणे सर्वाधिक अवलंबून असते, असे डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ साली प्रतिपादन केले. हा विचार मराठी माणसांच्या इतिहासात त्याआधीच प्रत्यक्षात आला होता.

१८३५ मध्ये मेकॉलेने एतद्देशीय ज्योतिष आणि भूगोल यांची थट्टा केली. त्याच सुमारास भोपाळ संस्थानातील सिहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी निराळा प्रयोग करीत होता. पुराणांतील भूगोलापासून कोपर्निकसपर्यंत एकदम उडी घेणे कठीण. मध्ये भास्कराचार्यांची पायरी आहे, हे त्याने ओळखले. पृथ्वीला आधार मानला तर त्या आधारालाही आधार लागेल, मग पृथ्वीच स्वशक्तीने का राहू नये, असा प्रश्न 'सिद्धान्तशिरोमणी'त (११५०) आहे. परिघाचा अल्प भाग सपाट दिसतो, म्हणून गोल पृथ्वीही सपाट भासते, हेही तेथेच सांगितले आहे. यात पाहणाऱ्याच्या अनुभवाला खोटे ठरविलेले नाही. त्याचे कारण दिले आहे.

सिहोरच्या सुबाजी बापूंनी १८३६ साली 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' मराठीत लिहून पुराणे, सिद्धान्त आणि कोपर्निकस यांची तुलना मांडली. गोदाकाठच्या टोके गावच्या घराण्यातील बापूदेव शास्त्री याच पाठशाळेत शिकले आणि पुढे काशीच्या संस्कृत पाठशाळेत गणिताचे अध्यापक झाले.

परंतु या प्रयोगाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. येथे जे पूर्वज्ञान मान्य झाले ते ग्रंथांतले होते, पंडितांचे होते. नांगरामागे चालणाऱ्याला जे ठाऊक होते त्याला पाठशाळेत जागा नव्हती.

आज शहागडच्या पुलावरून गोदावरी पाहताना हे आठवते. येथील शेतकऱ्याच्या मुलाला मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही पावसाची नक्षत्रे पाठ असतात. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो आणि एक नक्षत्र तेरा-चौदा दिवस चालते, हेही त्याला माहीत असते. सत्तावीस नक्षत्रांचा हिशेब त्याने स्वतः केला तर वर्ष हाती येते. मग त्याला एवढेच विचारावे : मृगाचा पाऊस पडतो त्या दिवसांत रात्री आकाश निरभ्र असले तरी मृगाच्या चांदण्या का दिसत नाहीत?

सूर्य तेव्हा त्याच नक्षत्रात असतो, हे उत्तर त्याच्या बोलीत आधीच दडलेले आहे. तेथून पृथ्वीच्या परिभ्रमणापर्यंतची वाट फार लांब नाही. आपण मात्र बरेचदा 'ते जुने विसर, हे लिहून घे' असे म्हणतो. मूल मुकाट्याने लिहून घेते, आणि घरी गेल्यावर पुन्हा मृगाचीच वाट पाहते. वहीतले सूर्यमंडल आणि शेतावरचे आभाळ त्याच्यासाठी कायमची वेगळी राहतात.