स्वर्गारोहणाचा सण
पुनरुत्थित येशू ख्रिस्ताच्या स्वर्गगमनाचा ख्रिस्ती सण. ईस्टरपासून ४०व्या दिवशी, म्हणजे गुरुवारी येतो; अनेक देशांतील कॅथलिक तो पुढच्या रविवारी पाळतात. बायबलमधील त्याचे मुख्य आधार दोन, आणि परंपरेनुसार दोन्ही लूकचेच. त्याच्या शुभवर्तमानात (२४:५०-५३) येशू शिष्यांना बेथानीजवळ नेतो, हात उंचावून आशीर्वाद देतो आणि आशीर्वाद देतादेताच त्यांच्यापासून दूर होतो. तेथे ४० दिवसांचा उल्लेख नाही. तो येतो ‘प्रेषितांची कृत्ये’च्या पहिल्या अध्यायात. तिथे मेघ त्याला दृष्टीआड करतो, शिष्य वर पाहत राहतात आणि शुभ्रवस्त्रधारी दोघे त्याच्या पुनरागमनाचे आश्वासन देतात. विलक्षण गोष्ट अशी, की या विरहातून शिष्य दुःखाने नव्हे, मोठ्या आनंदाने यरुशलेमेला परततात. एलीया संदेष्ट्याचे वावटळीतून स्वर्गात जाणे (२ राजे २) हे याचे जुन्या करारातील पूर्वरूप मानतात.