मायक्रॉनच्या पट्ट्यात डोळ्याचं लेझर

भोसरी एमआयडीसीतल्या ग्राइंडिंग मशीनवर मायक्रॉन हा रोजच्या बोलण्यातला शब्द. मिलिमीटरचा हा हजारावा भाग तिथे मोजला जातो, आणि बोअर दहा मायक्रॉनने मोठा झाला की जॉब भंगारात जाऊ शकतो. याच पट्ट्यातला तरुण चष्मा घालवायला लेझर करून घ्यायला निघतो, तेव्हा मात्र त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘कितीला पडेल?’

पिंपरी-चिंचवड हा मायक्रॉनचा धडा सावकाश शिकलं. 1962 साली राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. आकुर्डीत स्कूटरी, चिंचवडला एसकेएफची बेअरिंग बनू लागली आणि 1966 मध्ये टेल्कोने पुण्याच्या प्रकल्पाला हात घातला. कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी तिथे आधी प्रशिक्षण आणि मशीन टूल विभाग उभे केले. ट्रक बाहेर पडले ते 1977 मध्ये. या कारखान्यांना पार्ट पुरवता पुरवता भोसरी-चिंचवडचे लघुउद्योजक घडले. कमी दराच्या कोटेशनवर ऑर्डर मिळायची, पण टिकायची ती रिजेक्शन किती निघतं त्यावर. पुढे 1999 मध्ये बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला, 2009 च्या सुमारास मर्सिडीज आणि फोक्सवॅगन आल्या, आणि व्हेंडर ऑडिट अंगवळणी पडलं. गेज शेवटचं कधी कॅलिब्रेट केलं? मशीनवर कोण उभं असतं? पहिला पीस कोणी पास केला?

डोळ्याच्या लेझरचा इतिहासही असाच मापाचा आहे. 1981 मध्ये आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळच्या प्रयोगशाळेत मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन यांनी थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेल्या टर्कीवर एक्सायमर लेझर चालवला. कडा जळल्या नाहीत. ऊती स्वच्छ कापली गेली. 1983 मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी त्यांच्यासोबत तोच किरण कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, वापरून पाहिला. 1990 च्या सुमारास क्रीट बेटावरच्या इओआनिस पॅलिकारिस यांनी आधी पातळ पापुद्रा उचलायचा आणि मग त्याखाली लेझर चालवायचा ही लॅसिकची रीत बसवली.

त्याआधी, 1980 च्या दशकात, मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी तर डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची लाइनच चालवली होती. रुग्णाचा पलंग पुढे सरकायचा आणि प्रत्येक सर्जन आपापला टप्पा करायचा. चाकणच्या कामगाराला ते दृश्य चटकन ओळखू येईल. पण कारखान्यात सदोष नग काढून दुसरा लावता येतो; कॉर्नियातून एकदा काढलेला थर परत बसवता येत नाही.

हा हिशेब शॉप फ्लोअरवरच्या माणसाला कोणापेक्षाही लवकर कळावा. कॉर्निया मध्यभागी साधारण 540 मायक्रॉन जाड असतो. पापुद्र्यात 100 ते 120 जातात, आणि एक नंबर उतरवायला सुमारे 12 ते 15. खाली निदान 250 मायक्रॉन शाबूत राहावेत हा जुना दंडक. बरेच सर्जन 300 धरतात. उणे सहा नंबरचा, 540 जाडीचा डोळा यात आरामात बसतो. उणे आठचा, 480 जाडीचा डोळा अगदी काठावर येतो. 1998 मध्ये थिओ झायलर यांनी लॅसिकनंतर कॉर्निया कमकुवत होऊन पुढे फुगल्याच्या केसेस मांडल्या, आणि आधीच्या टोपोग्राफीचं, म्हणजे कॉर्नियाच्या चढ-उताराच्या नकाशाचं, मोल सगळ्यांना कळलं.

आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत 7.5 पेक्षा कमी नंबरचा उपचार वगळलेला आहे. पैसे खिशातून जाणार, म्हणून दर विचारणं रास्तच. पण व्हेंडरला विचारतो ते प्रश्न इथेही विचारायला हवेत. तपासणीआधी कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवस बंद ठेवायला सांगतात? सॉफ्ट लेन्सही आठ-पंधरा दिवस काढून ठेवली नाही तर माप चुकू शकतं. एक्सायमरच्या ताकदीची चाचणी रोज होते का, आणि खोलीतलं तापमान नि दमटपणा सांभाळतात का? मेट्रॉलॉजी लॅब 20 अंशांवर का ठेवतात हे जाणणाऱ्याला यात नवल वाटायला नको. ऑपरेशन करणारा सर्जन नंतरच्या तपासण्यांना भेटतो का? ‘तुमच्या डोळ्याला लेझर नको’ असं ते किती जणांना सांगतात? शेवटच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारा दवाखाना चार पैसे जास्त घेत असला तरी तोच बरा.

कामही सांगावं लागतं. नाशिक रस्त्यावर रात्रीची गाडी चालवणाऱ्याला दिव्यांभोवती दिसणाऱ्या वलयांचा त्रास जास्त जाणवतो. डोळ्याला मार बसण्याचा धोका असलेल्या कामात लॅसिकचा पापुद्रा पुढेही सरकू शकतो. तिथे पापुद्रा न उचलणारी पद्धत सुचवली जाते. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायचं असेल, तर लेझर केलेला उमेदवार अपात्र ठरतो, हे खेड-मावळच्या मुलांना आधीच कळायला हवं.

आणि फाइल मागून घ्यावी: आधीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता, जाडी, टोपोग्राफीची प्रिंट. साठीत मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचं माप काढताना लेझर झालेला कॉर्निया नेहमीच्या सूत्रांना चकवतो, आणि त्या वेळी सर्जन तिशीतले हेच आकडे मागतात.