सीताबर्डीचे रणांगण आणि शिपायांची नावे

राजांचा इतिहास बखरकार लिहितात, सेनापतींचा इतिहास सरकारी दप्तरे लिहितात. परंतु साध्या शिपायाचा इतिहास त्याच्या घरच्यांनीच जपावा लागतो. आपल्या मंडळाच्या या स्मरणिकेत ह्याच विषयाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

मनीषनगराहून वर्धा मार्गाने शहराकडे निघाले की सीताबर्डीची टेकडी लागते. खाली दुकानांची गर्दी व वरून मेट्रोची ये-जा. ह्या गजबजाटात, येथे एके काळी नागपूरच्या राज्याचे भवितव्य ठरले, ह्याची आठवण कितीजणांस होत असेल?

दुसरे रघूजी भोसले १८१६ साली निवर्तले. पुढे कारभार हाती आलेल्या अप्पासाहेबांनी त्याच वर्षी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. राज्याच्या गळ्यात पडलेला हा फास त्यांना लवकरच जाचू लागला. नोव्हेंबर १८१७ मध्ये पुण्याजवळ खडकीस पेशवे व इंग्रज यांची लढाई जुंपली, आणि त्याच महिन्यात अप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे दरबारात स्वीकारली. ही उघड युद्धाचीच नांदी होती. रेसिडेंट जेन्किन्स याने सीताबर्डीच्या दोन्ही टेकड्यांवर आपली फौज चढविली.

२६ नोव्हेंबरच्या सायंकाळी तोंड लागले ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालले. कर्नल स्कॉटच्या हाताखाली जेमतेम चौदाशे लोक होते. भोसल्यांकडे सुमारे अठरा हजार फौज व छत्तीस तोफा. २७ तारखेच्या सकाळी भोसल्यांच्या चाकरीतील अरबांनी लहान टेकडी जिंकली व तेथील तोफेचे तोंड मोठ्या टेकडीकडे फिरविले. जय हाती आला असे वाटत असतानाच कॅप्टन फिट्झजेराल्डचे घोडदळ मैदानात तुटून पडले. पाठोपाठ टेकडीवर दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट झाला, गोंधळ उडाला आणि टेकडी गेली. इंग्रजांकडील साडेतीनशेहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. डिसेंबरात अप्पासाहेब शरण गेले, तरी अरबांनी शहरात महिनाअखेरपर्यंत झुंज दिली. पुढे अप्पासाहेब कैदेतून निसटले व १८४० मध्ये जोधपुरास परागंदा अवस्थेत वारले.

आता एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. स्कॉटच्या त्या चौदाशेंतले बहुतेक लोक मद्रास व बंगालकडील पलटणींतले होते. म्हणजे टेकडीवरही आमचेच आणि टेकडीखालीही आमचेच! लढाईत पडलेल्या इंग्रजांच्या कबरी किल्ल्यात आहेत. इतिहासग्रंथांत जेन्किन्स, स्कॉट, फिट्झजेराल्ड ही नावे येतात. शिपायाचे नाव मात्र सहसा कोठे येत नाही, मग तो जिंकणाऱ्यांचा असो वा हरणाऱ्यांचा.

हे केवळ जुन्या काळीच घडले असे नव्हे. पहिल्या महायुद्धात १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत अन्नाविना हाल सोसून अखेर सैन्य तुर्कांच्या स्वाधीन झाले, आणि हजारो कैदी वाटेत व छावण्यांत मृत्यू पावले. त्या रणभूमीवर पडलेल्यांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी लिहिली! ज्याचे प्राण गेले तो आकडा झाला. हा भेदभाव होता हे त्या स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी मान्य केले.

स्वतंत्र भारताने ह्या बाबतीत निराळी वाट धरिली, ही समाधानाची गोष्ट होय. दिल्लीस २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय समर स्मारकाचे उद्घाटन झाले. स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक वीरांची नावे तेथे कोरलेली आहेत, आणि त्यांत साधा जवानही आहे. परंतु तेथे नावे आहेत ती देह ठेवणाऱ्यांची. जे लढून परत आले, ज्यांनी हिमालयात रसद वाहिली, खेचरे हाकली, लंगरात रोट्या भाजल्या, जखमी उचलले, त्यांची नोंद कोण ठेवणार? आणि त्यांच्या पत्राची वाट पाहत ज्या माउलींनी घर सांभाळले, त्यांची?

वर्गात इतिहास शिकविताना आम्हांस नेहमी जाणवे की, मुलांस पानिपतची तारीख येते, पण आपल्या आजोबांची पलटण सांगता येत नाही. १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांत सेवा केलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. त्यांतील कित्येक निघूनही गेले. घराघरांत ट्रंकेच्या तळाशी पदके काळवंडत आहेत, सेवापुस्तिकांस वाळवी लागत आहे. नातवंडांस ते भंगार वाटले तर दोष नातवंडांचा नव्हे. त्यांना कोणी सांगितलेच नाही.

म्हणून आमची सर्व सभासद कुटुंबांस नम्र विनंती आहे. आपल्या घरातून ज्या कोणी सैन्यात सेवा केली, त्यांचे नाव, मूळ गाव, पलटण, सेवेची वर्षे आणि घरात सांगितली जाणारी एखादी आठवण एका कागदावर लिहून मंडळाकडे द्यावी. हुद्दा लहान की मोठा, हे पाहू नये. दरवर्षी ७ डिसेंबरला देशभर ध्वजदिन पाळला जातो. कूतच्या वेढ्याचा आरंभही त्याच तारखेचा. त्या दिवसापर्यंत हे कागद जमले, तर पुढील स्मरणिकेत त्यांची यादी देता येईल.

दगडावर नाव कोरणे सरकारचे काम असेल. ते विसरू न देणे हे मात्र आपलेच कर्तव्य होय.